डावा कोपरा आधी घ्यायचा की नाही

आमच्या सीवूड्सच्या सोसायटीत कबड्डीचे सामने ठरले. संघ दोनच, आणि दोन्ही कॅप्टनांनी रहिवाशांमधून आळीपाळीने एकेक खेळाडू उचलायचा. टॉस हरल्यामुळे पहिली पाळी समोरच्यांची होती. ते जिमवाला उंच चढाईपटू उचलणार, हे लिफ्टमध्येसुद्धा बोललं जात होतं.

आमच्या संघाची बैठक माझ्याच हॉलमध्ये बसली. मी म्हणत होतो, आपण आधी डावा कोपरा घेऊ. त्या कोपऱ्यात पकडीला उभा राहणारा पाचव्या मजल्यावरचा तो तळोज्याला नोकरी करणारा गृहस्थ एकदा घोटा धरला की सोडत नाही. बाकी सगळ्यांना चढाईपटूच हवा होता.

"पकडीला टाळ्या कोण वाजवतं?" आमचे कॅप्टन म्हणाले. हे सोसायटीचे सेक्रेटरीही आहेत. मी घसा कोरडा पडेपर्यंत समजावलं, बायकोने दोनदा चहा केला, तेव्हा कुठे मंडळी तयार झाली.

"तरी एक पोल घेऊन टाकू," सेक्रेटरी म्हणाले. पाण्याची टाकी धुवायची तरी त्यांना पोल लागतो. मला वाटलं, आमच्या संघाच्या ग्रुपवर घेतील. त्यांनी तो अख्ख्या सोसायटीच्या ग्रुपवर टाकला.

दुसऱ्या दिवशी समोरच्या कॅप्टनने पहिल्याच पाळीला डावा कोपरा उचलला.

मी सेक्रेटरींना गेटवरच गाठलं. त्यांना कशाचंच काही वाटत नव्हतं.

"अहो, चिडता कशाला? तुमचंच म्हणणं पास झालं," ते म्हणाले. "समोरच्या कॅप्टननेसुद्धा तुमच्याच बाजूने मत दिलंय."