कानातला कापूस

आजवर कुणाला सांगितलं नाही, पण सेलूच्या एका जिनिंगमध्ये मी एका माणसाशी खोटं बोललो. नव्वदच्या सुमारास मी तिथे कॉम्प्युटर बसवायला गेलो होतो. तो माणूस म्हणजे तिथले वयस्कर पारखी; ते कापसाची प्रत ठरवायचे. बैलगाडीतून पुंजका उपसून दोन्ही अंगठ्यांत धागा ताणायचे आणि डोळे मिटून म्हणायचे, "एक नंबर." गाडीवाल्याचं नाव कारकून त्यानंतर विचारायचा. माझ्या प्रोग्राममध्ये मात्र नाव भरल्याशिवाय प्रत भरताच येत नव्हती.

"सायब, एवढं उलटं करा," ते म्हणाले. "आडनाव आधी कानावर पडलं की बोटं जात चाचपायला लागतेत, कापूस न्हाई. माझी बी. गोरगरिबाचा चांगला माल उगा दोन नंबरात जातो."

काम तासाभराचं होतं. पण मला दुपारची रेल्वे गाठायची होती.

"मशीनला ते जमत नाही, काका."

"मंग तुमचं मशीन लय आडमुठं हाय की!" ते हसले.

पुढची बैलगाडी आली. कारकुनानं नाव विचारायच्या आत त्यांनी दोन्ही कानांत कापूस कोंबला, डोळे मिटले आणि पुंजक्याला हात घातला. ते बघूनही मी स्टेशनकडे निघालो.

पडद्यावरच्या त्या दोन ओळींची अदलाबदल मी अजून त्यांना देणं लागतो.