गाईचं खरपूस सोयाबीन

संशय घ्यायला मला कारण लागत नाही. गॅसचं सिलिंडर आलं की आधी उचलून बघतो, भाजीवाल्याच्या काट्यावरून नजर हलवत नाही. पुलगावची नोकरी संपवून रोहणा गावातल्या घरी राहायला आलो तेव्हा हा स्वभावही सामानाबरोबर आला. घरात थोरला भाऊ, वहिनी आणि एक गाय. धार वहिनीच काढायची. गाय दुसऱ्या कोणाला कासेला हात लावू द्यायची नाही.

त्या हिवाळ्यात गुरांच्या डॉक्टरांनी सांगितलं, घरचं सोयाबीन भाजून गाईला द्या. कच्च्या दाण्यातलं सत्त्व तिच्या चार पोटांपैकी पहिल्याच पोटात मोडून जातं. भाजलं की पुढपर्यंत टिकतं आणि दुधाच्या कामी येतं. मला हे फारच पटलं. खुराकातली सरकीची ढेप मी लगेच बंद केली, अंगणात चूल मांडली, कढई चढवली. दाणे चांगले तपकिरी होऊन घरभर वास सुटेपर्यंत भाजायचो.

"भाऊजी, इतकं काऊन भाजून राह्यले?" वहिनी म्हणाली. "करपून जाईन ना ते."

"खरपूस झाल्याशिवाय काही खरं नाही, वहिनी."

गाय टोपलं चाटूनपुसून खायची. पण दहा-बारा दिवसांत बादलीतलं दूध उतरू लागलं. आधी चार बोटं, मग वीतभर. गाय आजारी नाही, चाऱ्याचं कुटार तेच, खुराक उलट भारी. मग दूध जातं कुठे? मनात पाल चुकचुकली. वहिनीची मुलगी नुकतीच बाळंत झालेली, पिपरी मेघेला सासरी. वहिनी अधूनमधून तिच्याकडे जायची, कापडी पिशवीत स्टीलचा डबा घेऊन.

मी पाळत ठेवली. ती धार काढायला बसली की मी उगाच गोठ्यात घुटमळायचो.

"काई हरपलं का, भाऊजी?" तिनं एकदा विचारलं.

"झाडू शोधतोय," मी म्हणालो. झाडू माझ्या हातातच होता.

एका सकाळी ती बसला निघण्याआधी पाणी प्यायला आत गेली. तेवढ्यात मी पिशवीतला डबा उघडला. आत डिंकाचे लाडू होते. झाकण लावेपर्यंत ती दारात उभी.

"दूध पाहून राह्यले काय?"

तिथेच माफी मागायची, तर मी म्हणालो, "दूध चोरीला जातंय, एवढं मला दिसतंय."

तिनं माझ्या हातातून डबा घेतला. "इतक्या वर्षांत मी सोताच्या चहातबी जास्तीचं दूध घातलं नाई," एवढंच बोलली आणि गेली. संध्याकाळी परत आली नाही, दुसऱ्या दिवशीही नाही.

धार काढायला बसलो, तर गाईनं भावाला लाथ मारली आणि माझ्यापुढे पान्हा चोरला. चोरी हा शब्द या घरात खरा ठरला तो एवढ्याच ठिकाणी. शेवटी डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी कढईतला दाणा फोडला. तो आतूनही तपकिरी होता.

"हे चहासोबत खायला भाजलं का?"

"गाईसाठी."

"मग करपवलं कशाला? बदामी झालं की उतरवायचं. एवढी आग लागली की सत्त्व आवळून बसतं, गाईला पचत नाही, शेणातून निघून जातं. वास गोड, म्हणून आवडीनं खाते. अंगी काही लागत नाही. दूध तेव्हापासूनच उतरलं असेल."

मला अंगणात उभं राहवेना. वहिनीनं हे पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मी फोन लावला, चुकलो म्हणालो. पलीकडे बाळ रडत होतं.

"सोयाबीन बदामी भाजजा," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

नातवाला महिना झाल्यावर ती परत आली. गाईनं तिला ओळखीनं चाटलं. मी आता दाणे बदामी होताच उतरवतो, थोडी ढेपही देतो, आणि दूध पुन्हा पहिल्यासारखं आलं आहे. वहिनी माझ्याशी नीट बोलते, जेवायला वाढते, थट्टाही करते. पण रोज धार काढून झाली की घरात नेण्याआधी बादली माझ्यापुढे आणून ठेवते.

"पाहून घ्या, भाऊजी."

मी मान दुसरीकडे वळवतो. मी पाहीपर्यंत ती बादली उचलत नाही.