अक्षरओळख शून्य

माणूस शिकतो कसा, याचा शोध लावण्यात ज्यांनी सारा जन्म घालवला आणि त्या नादात स्वतः काही शिकायचं ज्यांचं राहूनच गेलं, असे गृहस्थ साऱ्या कुलाबा जिल्ह्यात एकच होते, आणि ते नेमके माझ्या मावशीचे यजमान निघाले. चौलच्या मराठी शाळेचे ते हेडमास्तर. एकोणीसशे तीसच्या आसपास मी त्याच शाळेत असिस्टंट मास्तर म्हणून लागलो आणि मावशीकडेच राहिलो, तेव्हा मी काही ऐकीव सांगत नाही. काकांना ट्रेनिंग कॉलेजात असताना मानसशास्त्राचं एक पुस्तक मिळालं होतं. त्याचा मागचा अर्धा भाग वाळवीने खाल्लेला. दुसऱ्या कुणी ते फेकून दिलं असतं. काकांनी उरलेलं शास्त्र आपणच पुरं करायचं ठरवलं!

स्मरणशक्तीवर त्यांचा भारी विश्वास. काम लक्षात राहावं म्हणून ते उपरण्याला गाठ मारत. संध्याकाळपर्यंत उपरण्याची पार दोरी होऊन जाई. मग झोपाळ्यावर बसून एकेक गाठ चाचपायची. "सहा आहेत. सकाळीही सहाच होत्या. म्हणजे स्मरण शाबूत आहे."

"पण काका, कामं कोणती होती?"

"तो वेगळा विषय आहे," असं म्हणून ते सहाही गाठी सोडवत आणि मोठ्या समाधानाने जेवायला उठत.

घरामागे सुपारीची वाडी होती आणि वाडीच्या विहिरीवर रहाट. रहाट ओढणारा बैल हौशा हा गरीब प्राणी. डोळ्यांना ढापणं लावली की मुकाट गोल फिरायचा. काकांच्या मनात आलं, हा फिरतो तो कशाच्या आधारावर? चाबकाच्या म्हणावं तर गडी पलीकडे विडी ओढत बसलेला असतो. काकांनी तीन दिवस विचार केला आणि रहाटाच्या कण्याला वाटीभर करंजाचं तेल पाजलं. कुरकुर थांबली आणि हौशाही जागच्या जागी थांबला. तो बिचारा त्या आवाजावर चालत होता! काका आनंदाने नाचायचेच बाकी राहिले. पण पोफळी तहानलेल्या, गड्याने हाकललं तरी बैल हलेना. अखेर चौल गावचे हेडमास्तर सोवळं नेसून बैलाच्या मागे रहाटाच्या फळीवर बसले आणि तोंडाने "कुईंऽऽ कुईंऽऽ" करू लागले. हौशा चालला. काका दम घ्यायला थांबले की तोही थांबे. अर्ध्या तासाने कुंपणाशी वीसपंचवीस माणसं जमली. काका घामाघूम होऊन मला म्हणाले, "लिहून घे, बैल कानाने शिकतो!" विहिरीवर घागर बुडवणारी मावशी म्हणाली, "आणि मास्तर बैलाकडून."

शाळेतही हेच. छडी त्यांनी कधी हातात धरली नाही. चुकीतच मनाचा रस्ता दिसतो, असं त्यांचं म्हणणं. नवीन तऱ्हेची चूक करील त्याला वाडीतल्या झाडाचा एक रसाळ जांभ बक्षीस. मुलं काय हो, जांभासाठी काय वाटेल ते करतील. डेप्युटीसाहेब तपासणीला आले आणि त्यांनी विचारलं, "सात आठे किती?" तर बारा मुलांनी बारा आकडे सांगितले, आणि एकही छप्पन्न नव्हता. साहेबांचा चेहरा लाल झाला. काका मात्र त्यांच्या कानाशी लागून सांगत होते, "चौथा मुलगा पाहिलात? एकोणनव्वद म्हणतो! हे कुठून आलं असेल?"

पण त्यांचा खरा प्रयोग होता मावशी. तिला अक्षर येत नव्हतं आणि तिला शिकवायचंच, ही काकांची लग्नापासूनची प्रतिज्ञा. त्यांनी रांगोळीने अक्षरं काढून पाहिली. चकलीचा 'क' पाडायला लावला. मावशीने तो मोडून अर्धा मला दिला. शेवटचा उपाय म्हणून त्यांनी स्वयंपाकघरातल्या डब्याडब्यावर चिठ्ठ्या डकवल्या. डाळ, मीठ, साखर, पोहे. नजर रोज पडली की अक्षर आपोआप मनात उतरतं, असा सिद्धांत. सहा महिन्यांनी परीक्षा. मावशी देवळात गेलेली पाहून काकांनी मीठ-साखरेच्या चिठ्ठ्यांची अदलाबदल केली आणि आम्ही दोघे चहाची वाट पाहत बसलो. चहा आला. चांगला गोड. काकांनी सुस्कारा टाकला आणि वहीत लिहिलं, 'अक्षरओळख शून्य. चाळिशीनंतर नवीन शिरत नाही.'

त्यामुळे यमूची पत्रं काकाच वाचून दाखवत. यमू ही त्यांची एकुलती एक लेक, दोन वर्षांपूर्वी हरिहरेश्वरला दिलेली. पत्र आलं की मावशी हात पुसत दाराशी येऊन बसे. काका खणखणीत आवाजात वाचत, "मी खुशाल आहे. आंब्याला मोहोर चांगला आला आहे. सासूबाई माया करतात." मावशी म्हणे, "बरं झालं हो, पोर सुखात आहे," आणि उठून जाई.

एकदा वाचून झालेलं पत्र पत्रांच्या डब्यात ठेवायला त्यांनी माझ्या हाती दिलं आणि माझी नजर गेली. मोहोराचं नावसुद्धा नव्हतं. 'रोज संध्याकाळी अंग तापतं. घास उतरत नाही. आईला पाठवा, नाहीतर मला घेऊन जा.'

"काका, हे काय?"

"हळू बोल!" त्यांनी मला वाडीत ओढत नेलं. "तिला कळलं तर ती अन्नाला शिवायची नाही. दिवाळीपासून हेच चाललंय. मी सोडवतोय ना तो प्रश्न!"

आणि खरंच ते सोडवत होते, त्यांच्या पद्धतीने. ओटीवर भली मोठी पाटी होती. तिच्यावर एका बाजूला 'अडचणी': व्याही मानी आहेत, न बोलावता गेलो तर बिनसेल. जावयाला तीन पत्रं घातली, उत्तर नाही. आणि लेकीला मूल झालेलं नाही, तोवर तिच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही. मग तिथे राहायचं कसं? दुसऱ्या बाजूला 'उपाय', आणि त्याखाली काहीच नाही. पाच दिवस तो माणूस पाटीसमोर बसून होता. खडूने बोटं पांढरी झालेली, डोळे तांबारलेले. मला हसूही येईना.

सहाव्या दिवशी आम्ही शाळेतून घरी आलो तर चूल थंड, मावशीचा पत्ता नाही. आणि पाटीवर 'उपाय' या शब्दाखाली ठळक, वेडीवाकडी अक्षरं होती: 'यमूला आणायला जाते. चार दिवसांच्या दशम्या आणि पाण्याची कळशी घेतली आहे. तुमचा भात झाकून ठेवला आहे.'

काकांनी ते दोनदा वाचलं. "हे अक्षर कुणाचं रे?" जिला लिहिता येतं तिला वाचताही येत असणार, हे ध्यानात येताच ते आत धावले आणि त्यांनी पत्रांचा डबा उपडा केला. दिवाळीपासूनच्या प्रत्येक पत्रावर, 'तापतं' आणि 'आईला पाठवा' या शब्दांवर हळदीच्या बोटांचे पिवळे ठसे होते.

आम्ही रेवदंड्याच्या बंदरावर धावत गेलो. आगबोट खाडीबाहेर पडली होती. आगबोटीपर्यंत माणसं पोचवणारा पडाववाला म्हणाला, "मास्तरीणबाय ना? व्हय, पयल्याच पडावात बसल्या. कलशी मांडीवरून खाली ठेवली न्हाय."

काका तिथेच वाळूत बसले. "मी तोंडाला येईल ते वाचायचो," ते म्हणाले, "आणि ती म्हणायची, बरं झालं हो. सगळं ठाऊक असून म्हणायची. मला बरं वाटावं म्हणून रे!" आणि हेडमास्तर चारचौघांदेखत ओक्साबोक्शी रडले.

पाचव्या दिवशी मावशी यमूला घेऊन आली. पोर वाळून काटकी झाली होती. व्याह्यांशी काय बोलणं झालं ते मावशीने कधीच सांगितलं नाही. वैद्यांच्या काढ्यांनी आणि आईच्या हातच्या मऊ भाताने शिमग्यापर्यंत यमू हिंडूफिरू लागली. तेव्हा कुठे मी मावशीला विचारलं, शिकलीस कधी?

"डाळीच्या डब्यावर डाळ लिहिलेलं, मिठाच्या डब्यावर मीठ. दिवसातून वीसदा डबे उघडते मी. न शिकून सांगते कुणाला? उरलेली अक्षरं यमूच्या पत्रांतून जुळवली आणि चुलीपुढच्या राखेत गिरवली. आणि त्या चिठ्ठ्या बदललेल्या दिसल्या हो मला. म्हटलं, खेळू दे."

"मग काकांना सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर दुसरीत घातलं असतं मला यांनी! स्वयंपाक कुणी करायचा?"

यमू पावसाळ्याआधी सासरी गेली. काका-मावशी दोघंही आता नाहीत, पण यमूचं त्यानंतरचं पहिलं पत्र आलं ती दुपार मला स्वच्छ आठवते. मावशीने ते पोस्टमनकडून घेतलं आणि न फोडता झोपाळ्यावर काकांच्या हातात दिलं.

काका ओशाळले. "आता तूच वाच की."

"नको. तुम्ही वाचलंत की बरं वाटतं," मावशी दाराशी बसत म्हणाली. "मात्र तिने लिहिलंय तेवढंच वाचा."

काकांनी चष्मा पुसला, पत्र उलगडलं आणि अगदी हळू आवाजात, एकही शब्द न गाळता वाचायला सुरुवात केली.