न खेळलेला सामना

त्यांचे नऊ गुण आणि आमचे आठ. एवढाच फरक होता, आणि तो कुठून आला हे मला आजही सांगता येतं.

सत्तरच्या दशकात मिरजेला फुटबॉलची साखळी स्पर्धा भरायची. सहा संघ, प्रत्येकाला पाच सामने; जिंकलं तर दोन गुण, बरोबरीला एक. आष्ट्याच्या संघात माझा धाकटा भाऊ पुढच्या फळीत खेळायचा. दोन्ही पायांनी सारखाच फटका मारणारा दुसरा कोणी मी त्या मैदानावर पाहिला नाही. शाळा त्याला जमली नव्हती आणि चौघा भावांत वाटून येणाऱ्या जमिनीच्या तुकड्यावर त्याचं भागणार नव्हतं. त्या वर्षी एका कारखान्याच्या साहेबांनी सांगितलं होतं, पहिल्या येणाऱ्या संघातले तिघे कामाला घेऊ.

आम्ही तीन सामने जिंकलो, दोन बरोबरीत सुटले. एक मिरजेच्या संघाशी, दुसरा कोयनानगरशी. कोयनानगरचा बचाव फार कडक. त्या सामन्यात भावाचा फटका खांबाला लागून परत आला. चार बोटं आत असता तर गोल होता.

शेवटचा सामना मिरज आणि कोयनानगरचा. जिंकल्याशिवाय मिरज आमच्या पुढे जात नव्हती. आम्ही दोघे बघायला गेलो. कोयनानगरचा ट्रक घाटात बिघडला आणि संघ आलाच नाही. पंचांनी अर्धा तास वाट पाहिली, मग रिवाजाप्रमाणे मिरजेच्या अकरा जणांना मैदानात उभं करून शिट्टी फुंकली. त्यांच्या कप्तानानं समोरच्या रिकाम्या गोलकडे चेंडू मारला. तो बाहेर गेला.

"आरं, गोलकीपर न्हाई तरी चुकतूस व्हय रं!" कडेनं कुणीतरी ओरडलं. सगळे हसले. भाऊसुद्धा हसला. समोरचा संघ आला नाही म्हणून दोन गुण मिरजेला मिळाले.

परतताना एसटीत मी त्याला समजावलं. कोयनानगर वगळलं तर दोघांचे चार सामन्यांत सात-सात गुण. एकमेकांशीही बरोबरी. पाच सामन्यांत कोण सरस ते कळत नाही. पन्नास खेळवले तर नशीब दोघांच्या वाट्याला सारखं येईल.

"पन्नास कोण खेळवतंय, दादा?" तो म्हणाला. "आन् ट्रक बिघडला हे तक्त्यात लिवत न्हाईत. खेळले पाच, जिंकले चार, येवढंच लिवत्यात."

साहेबांनीही तेवढंच वाचलं.

महिन्याभरानं मिरजेचा कप्तान आमच्या घरी आला. कामावर लागलेल्या तिघांत तो होता. चहा पिताना म्हणाला, "गड्या, तू माझ्यापेक्षा लय भारी खेळतूस. सायबाला सांगून बघितलं मी. दुसऱ्या नंबरची माणसं नकोत म्हणाला."

भावानं त्याला आग्रहानं आणखी अर्धा कप चहा पाजला, रिकाम्या गोलवरून चिडवलं आणि स्टँडपर्यंत पोचवून आला. परतल्यावर दारातच उभा राहून त्यानं मला विचारलं, "दादा, मला खेळाय येत हुतं नव्हं?"

मी लगेच होय म्हणालो. गुणांचा सगळा हिशेब माझ्याकडे होता, पण त्याला पटेल असा एक आकडा त्यात नव्हता. तो मान हलवून आत गेला.

पुढच्या वर्षी संघातली मुलं बोलवायला आली, तेव्हा तो मागच्या दारानं रानात निघून गेला.