पासाची मागची बाजू

"हात धुतलं का?"

कुणीही समोर आलं की मावशींचा पहिला प्रश्न हाच. रामराम नंतर. गावच्या शाळेत आधी सुकडी आणि पुढे खिचडी वाढण्यात त्यांचं बरंचसं आयुष्य गेलं होतं, त्यामुळे माणूस दिसला की त्या आधी त्याचे हात बघत. एकदा सरपंच शाळेत आले आणि चव बघायला त्यांनी पातेल्याकडे बोट नेलं. मावशींनी डाव आडवा धरला.

"सरपंच, हात धुतलं का?"

सगळ्या शाळेदेखत सरपंच निमूटपणे नळावर गेले.

तुमच्याही गावात अशी एखादी बाई असेल. तिला सगळे ओळखतात, सगळे तिचं खाऊन मोठे झालेले असतात, आणि तिच्याबद्दल कुणालाच काही माहीत नसतं. मला मात्र माहीत होतं. म्हणून तर हे लिहायला बसलो आहे.

आमचं गाव देवळाली प्रवऱ्याजवळ, उसाच्या पट्ट्यातलं. रेल्वेत पार्सल क्लार्क म्हणून नोकरी करून मी गावी परतलो. मावशी माझ्यापेक्षा थोड्या मोठ्या, दोन आळ्या सोडून राहायच्या. मी कधीच स्टेशनमास्तर नव्हतो, पण त्या मला 'टेसनमास्तर' म्हणायच्या. मी त्यांना कधी दुरुस्त केलं नाही. ऐकायला बरं वाटायचं.

मावशींनी वडिलांना पाहिलं नव्हतं. दुसऱ्या महायुद्धात ते सैन्यात होते. लढाई चालू असतानाच एक दिवस तापानं फणफणलेले घरी आले आणि आठवड्याच्या आत वारले. तेव्हा मावशी आईच्या पोटात होत्या. गावानं ठरवून टाकलं, हा पळून आला. लहानपणी मावशींना पोरं 'पळपुट्याची पोर' म्हणत. ज्या पोरांनी म्हटलं, त्यांच्या नातवंडांनाही पुढे मावशींनीच वाढलं. खिचडी कधी कमी घातली नाही.

काही वर्षांपूर्वी ग्रामपंचायतीनं ठरवलं, त्या लढाईला गेलेल्या गावच्या माणसांची नावं दगडावर कोरून तो शाळेसमोर उभा करायचा. यादी झाली. मावशींच्या वडिलांच्या नावावर गाडी अडली. पळून आलेल्याचं नाव कशाला, असं दोघातिघांनी विचारलं.

दुसऱ्या दिवशी मावशी माझ्या घरी आल्या. छातीशी शाळेच्या दोन पाट्या, लाल रिबिनीनं एकमेकींना बांधलेल्या. माझ्याच ओसरीवर बसून त्यांनी मला विचारलं, "हात धुतलं का?"

माझी बायको पदर तोंडाला लावून हसायला लागली. मी हात धुऊन, पुसून आलो. मग रिबिनीची गाठ सुटली.

दोन पाट्यांच्या मध्ये एक कागद होता. सैनिकाला रजेवर घरी यायला दिलेला रेल्वेचा पास. पूर्वेकडच्या कुठल्यातरी स्टेशनापासून, नाव अर्धं पुसलेलं, आमच्या राहुरी स्टेशनापर्यंत. खाली परतीचा भाग. येण्याच्या भागाला चिमट्यानं छिद्र पाडलेलं होतं, परतीचा भाग कोरा होता.

"आईनं जपला," मावशी म्हणाल्या. "पळून येनारा मानूस परतीचा पास आनतो व्हय, टेसनमास्तर?"

मी कागद उलटा केला. मागच्या बाजूला गुरं मालगाडीत चढवण्याचा जुना फॉर्म छापलेला होता. बैल किती, म्हशी किती, मालक कोण. त्यावर निळ्या पेन्सिलीच्या दोन आडव्या रेघा. मी मनात म्हटलं, संपलं. पासाचा कागद वेगळा असतो, त्याचं पुस्तक कुलपात असतं, एकेका पासाचा हिशोब द्यावा लागतो. माझी अख्खी नोकरी या शिस्तीत गेली होती. गुरांच्या रद्दीवर रेल्वे पास देत नाही.

ते मी तिथेच सांगायला हवं होतं. ओसरीवर आम्ही तिघंच होतो. पण "ग्रामसभेत सांगतो" म्हणालो. रेल्वेतला जाणता माणूस म्हणून सभेत उभं राहायची मला हौस होती.

सभेत मी उभा राहिलो. पास वर धरला, पुढची बाजू दाखवली, मग सावकाश मागची. वाचूनही दाखवली. बैल, म्हशी, मालक. आणि म्हणालो, "हा पास बनावट आहे."

मागून कुणीतरी ओरडलं, "म्हशीच्या तिकिटावर आल्तं की वं म्हातारं!"

सभा हसली. मीही हसलो.

मावशी खांबाला टेकून बसल्या होत्या. उठून पुढे आल्या, माझ्या हातातून कागद घेतला, पाट्यांमध्ये ठेवला, रिबीन बांधली.

"तुमी रेल्वेतलं," त्या म्हणाल्या. "तुमाला ठावं." आवाजात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं.

सव्वीस जानेवारीला दगड उभा राहिला, मावशींच्या वडिलांच्या नावाशिवाय. झेंडावंदन झालं, जिलेबी वाटायला नेहमीप्रमाणे मावशीच होत्या. रांग लागली होती. माझ्या पुढच्या माणसाला त्यांनी विचारलं, "हात धुतलं का?" माझी पाळी आली. त्यांनी माझ्या तळहातावर जिलेबी ठेवली आणि माझ्या मागच्याकडे वळल्या. "हात धुतलं का, रं?"

मला विचारलं नाही. त्यानंतर कधीच विचारलं नाही. रस्त्यात भेटल्या की "बरं हाय ना?" एवढंच. गावात मात्र 'म्हशीचं तिकीट' हा शब्द रुळला. कुणी फुकटात कुठे घुसला की म्हणायचे, म्हशीचं तिकीट हाय का? मावशींच्या कानावर तो पडत असणारच.

गेल्या वर्षी दिवाळीआधी घराचं रंगकाम काढलं. माझ्या वडिलांची तसबीर खाली उतरवताना काच तडकली. वडील रेल्वेत पॉइंट्समन होते, लढाईच्या काळातही याच लाइनीवर होते. काच बदलायला मी तसबिरीचा मागचा पुठ्ठा काढला. फोटो सरकू नये म्हणून आत एक कागद घडी करून घातलेला होता. उलगडला. वडिलांच्याच नावाचा, लढाईतल्या सालाचा रेल्वेचा पास. मागच्या बाजूला बैल किती, म्हशी किती, मालक कोण. निळ्या पेन्सिलीच्या दोन आडव्या रेघा.

मी खुर्चीवर बसलो. वडील जेवताना नेहमी सांगायचे, लढाईत कागद मिळत नव्हता, साहेब लोक जुने फॉर्म उलटे करून त्यावर छापून घ्यायचे. शेकडो वेळा ऐकलं होतं मी. कंटाळून ऐकलं होतं. सभेत तो पास हातात धरून उभा असताना त्यातला एक शब्द मला आठवला नाही.

त्याच दिवशी मावशींकडे जायला हवं होतं. दोन आळ्यांचं तर अंतर. पण काय तोंडानं जायचं? म्हटलं, दिवाळी होऊ दे. दिवाळीत मुलगा-सून आले. ते गेल्यावर गुडघा धरला. गुडघा उतरल्यावर रोज संध्याकाळी चपला घालायचो आणि पारापर्यंत जाऊन परत यायचो. सभेत चुकलो ते अज्ञान होतं. हे अज्ञान नव्हतं.

एके सकाळी डेअरीवर दूध घालायला गेलो तेव्हा कळलं, रात्री मावशी झोपेतच गेल्या.

म्हणून आता लिहून ठेवतो. तो पास खरा होता. मावशींचे वडील रजेवर आले होते, परत जाणार होते. ते पळाले नव्हते. ग्रामपंचायतीला मी लेखी दिलं आहे. सरपंच म्हणाले, "मावशी तर गेल्या आता, टेसनमास्तर. आन् दगडावर जागा तरी कुठं हाय?" अजून काही ठरलेलं नाही. मी जातो रोज विचारायला.

दहावा झाल्यावर मी मावशींच्या घरी गेलो होतो. त्यांच्या सुनेला सगळं सांगितलं, वडिलांचा पास दाखवला. तिनं दोन्ही बाजू पाहिल्या. मग आत जाऊन पाट्या घेऊन आली.

"ह्या कुनाला द्यायच्या ते आत्याबाई काय बोलल्या न्हाईत," ती म्हणाली. "तुमी न्या. दाखवा पंचायतीत."

तिनं पाट्या पुढे केल्या. मी म्हटलं, "थांब जरा."

अंगणातल्या नळावर गेलो. साबणाची वडी होती. मनगटापर्यंत हात धुतले. पुसायला जवळ काही नव्हतं. ओले हात पुढे धरून मी उन्हात उभा राहिलो, आणि ती दारात, पाट्या छातीशी धरून, माझे हात वाळायची वाट बघत.