रुक्सानाने लिहिलेली चौथी पायरी

माझ्या पत्नीच्या मृत्यूची बातमी गावाला तिच्याच कोडने दिली.

आज त्याला एक वर्ष झाले.

रुक्साना जावा प्रोग्रॅमर होती. न्हावऱ्यातील आमच्या दूध डेअरीची, सभासदांना मोबाइलवर निरोप पाठवणारी प्रणाली ती हौसेने सांभाळत असे.

पूर्वी तेथे निरोपाची तातडी आकड्याने ठरे. एक म्हणजे सावकाश, दोन नेहमीचा, तीन तातडीचा.

डेअरीचे सचिव आप्पा यांचे थोरले चुलते वारले, तेव्हा निरोप सर्वांत आधी जावा म्हणून कोणीतरी चार लिहिले.

प्रणालीला चार ठाऊकच नव्हते. तिने तक्रारही केली नाही. निरोप पडून राहिला आणि तो गेला असे समजून कोणी फोनही केला नाही.

धाकटे चुलते, तात्या, वस्तीवरून दुधाची किटली घेऊन आले, तेव्हा भावाची चिता पेटलेली होती.

आप्पा आमच्या ओट्यावर येऊन बसले. “पोरी, तात्यांना भावाचं तोंड दिसलं न्हाई. तुझ्या मशिनीला काय कळतं का न्हाई?”

रुक्सानाने आकडे काढून एनम आणला. म्हणजे ठरलेले शब्दच चालतील. दुसरे काही लिहिले, तर प्रणाली ते तिथल्या तिथे नाकारेल.

सर्वांत वरच्या पायरीला तिने शब्द दिला: मयत.

“कोडमध्ये हा शब्द शोभतो का?” मी म्हणालो. “‘अतितातडीचे’ असे लिही.”

“तुमचं शुद्ध मराठी कॉलेजात ठेवा. अतितातडीचं म्हटलं, की आप्पा कांद्याचा भावपण त्यातच टाकतील. मयत लिहायला हात धजायचा नाही.”

“खरं हाय, सर,” आप्पा म्हणाले. “मी टाकलाच असता.”

गेल्या वर्षी दौंडच्या रुग्णालयात ती गेली. दफन त्याच दिवशी करायचे होते आणि माझ्याने कोणालाही फोन लाववेना.

“तुम्ही र्‍हाऊ द्या, सर. मी हाय,” आप्पा म्हणाले.

रुग्णवाहिका निघण्यापूर्वी माझा मोबाइल वाजला. मीही डेअरीचा सभासद आहे.

‘मयत. रुक्साना, आपल्या सरांच्या मंडळी. दफन तिसऱ्या प्रहरी, असरच्या नमाजनंतर.’

मला ठाऊक होते. तरीही मी ते दोनदा वाचले.

कब्रस्तानात सर्वांत आधी तात्या उभे होते. पायांना शेतातला चिखल तसाच.

माती देऊन ते माझ्याजवळ आले.

“पोरीनं या वेळंला मला टायमात बोलावलं, सर.”

रुक्साना, सर्वजण वेळेत पोहोचले.

अल्लाह तुला शांती देवो.