एकेक जवान सुखरूप आहे

साखर कारखान्याच्या वार्षिक सभेला जे कधी बसलेत, त्यांना हे नवं नाही. व्यासपीठावरून विषय वाचून पुरा व्हायच्या आत मागच्या रांगांतून आवाज येतो, ‘मंजूर, मंजूर.’ विषय काय होता, हे म्हणणाऱ्यालाही ठाऊक नसतं. आमच्याकडच्या माणसाच्या जिभेला ते वळणच पडलंय.

त्या आठवड्यात सीमेवर लढाई चालू होती. टीव्ही सकाळपासून रात्रीपर्यंत ओरडत होता. माझा चुलतभाऊ फौजेत गाडी चालवतो. चार दिवस त्याचा फोन बंद होता. काकी, म्हणजे त्याची आई, रोज सकाळी मला एकच विचारायची. मी बारामतीच्या कॉलेजात शिकवतो, घरातला पहिला पदवीधर, म्हणून मला जगातलं सगळं कळतं अशी तिची समजूत. मी मोबाइल चाळायचो आणि अजून काही नाही म्हणायचो. देवळापुढच्या कट्ट्यावर एक आबा बसतात. ते म्हणायचे, टीव्हीवर रोज रातच्याला एक शहर पडतंय आणि सकाळी परत उभं राहतंय. एकदा मला थांबवून म्हणाले, “सर, कारखान्याच्या काट्यावर इस्वास न्हाय म्हणून उसाचं वजन आपण आधी भाईरच्या काट्यावर करून घेतो. ह्या लढाईचं कुठं करायचं?”

मी हसलो. माझ्या पिशवीत तेव्हा साहेबांचं भाषण होतं.

साहेब म्हणजे आमच्या भागाचे पुढारी. बारावीनंतर त्यांच्या एका चिठ्ठीवर मला पुण्यात वसतिगृहात जागा मिळाली. ती मिळाली नसती तर मी आज ट्रॅक्टरवर असतो, यात मला शंका नाही. त्यांनी त्या चिठ्ठीची आठवण कधी करून दिली नाही. म्हणूनच त्यांचा माणूस भाषण लिहून मागायला आला की मी नाही म्हणत नाही. या वेळी आमच्याच गावात, कोऱ्हाळ्यात, जवानांच्या सन्मानाची सभा होती. मी लिहिलेलं त्यांच्या माणसाला कोरडं वाटलं. लोकांना धीर येईल असं काहीतरी टाका, म्हणाला. मी काकीचाच विचार केला आणि लिहिलं: ‘आपल्या भागातला एकेक जवान सुखरूप आहे. मी स्वतः दिल्लीपर्यंत बोलून खात्री करून घेतली आहे.’

साहेब दिल्लीला बोलले होते की नाही, मी विचारलं नाही. त्यांच्या माणसानंही वाचून नुसती मान हलवली.

सभेला काकी पुढच्या सतरंजीवर माझ्या आईशेजारी बसली होती. साहेबांनी ते वाक्य छान म्हटलं. ‘एकेक’वर थांबून, हात वर करून. दिल्लीचं नाव निघालं आणि मागून कुणीतरी म्हणालं, ‘मंजूर.’ लगेच दुसरा म्हणाला, तिसरा म्हणाला. मांडवात हशा पिकला. साहेबही हसले. सवयीनं निघालं असेल, असं मी तेव्हा मनाशी म्हणालो. पण आबा हसत नव्हते. ते माझ्याकडे बघत होते.

दुसऱ्या दिवशी काकीनं साखर वाटली. दिवाळीला कारखान्याकडून सभासदाला मिळते त्यातली तिनं राखून ठेवलेली होती. गल्लीतल्या घराघरात चमचा चमचा देऊन आली. माझ्या तळहातावर जरा जास्तच ठेवली. मला ती तोंडात टाकता येईना. कागदात बांधून मी खिशात ठेवली आणि कॉलेजला गेलो. तासाला फळ्याकडे तोंड करून उभा राहिलो, काय लिहायचं होतं ते आठवेना. मधल्या सुट्टीत भावाला फोन लावला. बंद. शेवटच्या तासाआधी लावला. बंद. त्या दिवशी किती वेळा लावला कोण जाणे. खिशात हात गेला की ती पुडी लागायची. उद्या काही वाईट कळलं, तर ही बाई वाटलेली साखर आठवून काय करील, याच्यापुढे माझं डोकं जाईना.

तिसऱ्या सकाळी मी तिच्या ओट्यावर गेलो. ती मेथी निवडत होती. मी सांगून टाकलं. ते वाक्य माझं होतं, कुणी कुणाला विचारलेलं नव्हतं, भावाची मला काही खबर नाही. तिचे हात थांबले नाहीत. एक जुडी संपली, दुसरी घेतली.

“साहेबाचं म्या कधीच धरत न्हाय,” ती म्हणाली. “पाटाला पाणी सोडतो म्हणून दर इलेक्शनला सांगत्यात. पण तुझी आई कानात म्हनली, हे आपल्या पोरानं लिव्हलंय. म्हणून साखर वाटली.”

मला तिथून उठवेना आणि बसवेना. मग तिनं विचारलं, साखर खाल्लीस का. मी पुडी दाखवली. ठेव म्हणाली, टाकू नको.

त्याच दिवशी दुपारनंतर इंदापुरात साहेबांची तशीच सभा होती. मी कागदावरचं ते वाक्य खोडलं आणि तिथं लिहिलं: ‘आपल्या जवानांची खात्रीची खबर आज आपल्यापैकी कुणाकडे नाही. त्यांच्या घरच्यांबरोबर आपणही वाट बघू या.’ कागद त्यांच्या माणसाच्या हातात देऊन मी स्टँडसमोरच्या चहाच्या टपरीवर बसलो. सभा शेजारच्याच पटांगणात होती, कर्णा टपरीवरच बांधलेला. टपरीवाल्याचा जावई फौजेत होता आणि मुलगी दोन दिवसांपासून माहेरी येऊन बसली होती. हे त्यानं मी न विचारताच सांगितलं. गिऱ्हाईक दिसलं की तो ते सांगत असावा.

साहेब माझ्या नव्या वाक्यापर्यंत आले आणि थांबले. कर्ण्यातून कागदाची नुसती सळसळ ऐकू आली. मग ते पाठ असलेलं जुनंच बोलले. एकेक जवान सुखरूप आहे, मी स्वतः दिल्लीपर्यंत बोललोय. इथं मंजूर कुणी म्हणालं नाही, टाळ्या पडल्या. साहेबांचा मला राग आला नाही. कोऱ्हाळ्यात त्यांनी पुढच्या सतरंजीवरच्या बायकांची तोंडं उजळलेली बघितली होती, आणि वाक्य तर माझंच होतं. टपरीवाल्यानं स्टोव्ह बारीक केला आणि घरी फोन लावला. “रडू नको गं. समदी सुखरूप हायेत. साहेब दिल्लीला बोलल्यात.”

मी चहा अर्धा टाकून उठलो. बारामतीची गाडी लागली होती, तिच्यात जाऊन बसलो. गाडी भरत होती तेवढ्यात काकीचा फोन आला. भाऊ बोलला होता. दोन मिनिटं. बरा आहे म्हणाला, कुठं आहे ते सांगता येत नाही म्हणाला, आणि आवाज बसल्यासारखा होता. काकी ते परत परत सांगत होती, मीही परत परत विचारत होतो. माझा हात खिशातल्या पुडीवर गेला.

मग तिनं विचारलं, “तितं काय बोललं साहेब?”

“तेच बोलले, काकी. मी खोडलं होतं, तरी तेच.”



“मग तितल्या बायांना कोण सांगनार?”

कंडक्टर दार ओढून घेत होता. मी त्याला थांबवलं, पिशवी खांद्याला अडकवली आणि खाली उतरलो. समोर टपरीवाला उरलेल्या लोकांना चहा देत होता, सगळ्यांशी हसून बोलत होता. मला परत आलेला बघून त्यानं बाकडं पुसलं.